मंगळवारचा कप, बुधवारचं धुणं

आमच्या खाणींच्या गावात, क्रॅगलीत, धुणं सोमवारी. हे कुणी ठरवलं ते कुणाला ठाऊक नाही, पण सोमवारी सकाळी गल्लीत या घरापासून समोरच्या घरापर्यंत दोऱ्या बांधल्या जात, चादरी फडफडू लागत, आणि त्या दिवशी कोळशाची गाडी गल्लीत फिरकत नसे. फिरकली असती तर बायकांनी गाडीवाल्याला सोलून काढला असता. त्याचा दिवस बुधवार. बुधवारी पोती रिकामी होताना अशी काळी भुकटी उडायची की दोरीवर साधा रुमालही कुणी टाकत नसे.

आणि आयव्ही ओल्ड्रॉइडवर बुधवारीच धुणं काढायची पाळी आली होती. आपली हौस म्हणून नव्हे, मंगळवारच्या कपामुळे.

रग्बीचे नेहमीचे सामने शनिवारी व्हायचे. त्याचं काही वाटत नसे. शनिवारी तेरा धटिंगण चिखलात लोळायचे, रविवारी त्यांच्या जर्सी भिजत पडायच्या आणि सोमवारी सगळ्या गल्लीबरोबर आयव्हीचंही धुणं निघायचं. पण मोठमोठे दिवे लावून मंगळवारी संध्याकाळी कपाचे सामने खेळवायचं कुणाच्या तरी डोक्यात आलं. जिंकला तो पुढच्या फेरीत, हरला तो घरी. टीव्हीवर दाखवायला बरं. ज्यानं हे काढलं त्यानं आयुष्यात कधी जर्सी धुतली नसणार.

क्लबकडे जर्सींचा संच एकच, लाल-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांचा. मंगळवारचा चिखल बुधवारीच काढायला हवा, नाहीतर ओल्या हवेत शनिवारपर्यंत कापड वाळत नाही. बाहेर कोळशाची भुकटी. म्हणजे वाळवण घरात, चुलीवरच्या दांड्यांवर. तो जाड सुती कपडा दिवसभर वाफ सोडत राही, आणि त्या वाफेत खुर्ची टाकून बसलेला असे आयव्हीचा नवरा वॉल्टर.

वॉल्टर खाणीत होता. छातीत कोळसा साठला तेव्हा खाणीनं त्याला मोकळा केला आणि क्लबनं सामान सांभाळायला ठेवून घेतला. बुटांना चरबी लावायची, चेंडूत हवा भरायची, पाण्याची बादली घेऊन धावायचं. धावायचं म्हणजे चालायचं. जर्सी धुणंही त्याच्याच कामात होतं, पण पहिल्याच खेपेला टबावर वाकला आणि वाफेनं असा घुसमटला की फरशीवर बसूनच राहिला. आयव्हीनं त्याला बाजूला सरकवलं आणि बाह्या वर केल्या. तेव्हापासून पगार त्याचा आणि कंबर तिची, अशी वाटणी ठरून गेली.

ती धुवायची मात्र नजर लागेल असं. आधी गार पाणी, त्यात मूठभर मीठ. मग ब्रशनं चिखल. बंबातलं कढत पाणी अजिबात नाही, कारण तो लाल रंग भारी दगाबाज होता. मुलगी लग्न करून लीड्सला गेल्यापासून घरात दुसरं माणूस नव्हतं आणि कपडे पिळायच्या यंत्राचा रूळ फिरवून जर्सी पिळताना पलीकडून धरायला वॉल्टरशिवाय कुणी नव्हतं. तो धरायचा, आणि मध्येच खोकायला थांबायचा.

एके काळी वॉल्टरचं हसणं चार घरं पलीकडे ऐकू जायचं. लग्नाच्या आधी आयव्ही गिरणीतून सुटून येत असे तेव्हा ते हसणं ऐकूनच तिला कळे की खाणीची पाळी सुटली. आता हसलं की खोकला, आणि खोकला सुरू झाला की डोळे पांढरे. म्हणून त्यानं हसणंच सोडलं होतं. फार गंमत वाटली तर ओठ गच्च मिटून मान हलवायचा. आयव्हीला पाठीच्या कळा सोसत होत्या, हे सोसत नव्हतं.

डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं. "ही छाती काही बरी व्हायची नाही. पण या वाफेतून आणि धुरातून बाहेर काढा त्याला. हिवाळा समुद्रावर काढू दे. तेवढाच जीव हलका होईल."

समुद्र होता, ब्रिडलिंग्टनला. आयव्हीची बहीण फ्लॉरी तिथं खानावळ-खोल्या चालवायची आणि हिवाळ्यात तिच्याकडे चिटपाखरू नसे. सुट्टीत आली तेव्हा ती बजावून गेली होती, "मागची खोली ईस्टरपर्यंत तुमचीच. पुसापुशी नको, सरळ या."

"कप संपला की जाऊ," वॉल्टर म्हणाला होता.

"कप संपला की," आयव्हीनंही मान डोलावली होती.

दोघांनाही त्यात काही जड वाटलं नाही. क्रॅगली दर वर्षी पहिल्याच फेरीत आपटायची, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण यंदा पोरं पिसाळल्यासारखी खेळत सुटली. पहिली फेरी जिंकली. दुसरी जिंकली. तिसऱ्या फेरीत तर ज्या संघापुढे उभं राहायला चांगले चांगले चळचळा कापत, त्यालाही लोळवून आली. बुधवारी आयव्हीच्या स्वयंपाकघरात पुन्हा जर्सी लटकल्या.

"काय आयव्ही, तुझ्या कॅलेंडरातला सोमवार उंदरानं खाल्ला काय गं?" बाहेरून कोळसेवाला ओरडला.

"तू तोंड काळं कर, म्हणजे बाहेर वाळत घालते!"

"ते तर रोजचंच आहे माझं!"

ती दार लावून आत आली. दांड्यावरून थेंब टपकत होते. वॉल्टर कॉलर वर करून चुलीपाशी बसला होता, पुढ्यात चहा आणि चरबी लावलेला पाव, दोन्ही तसंच.

"पोरं मस्त खेळली, नाही?" तो म्हणाला.

"मस्तच."

"आता सेमीफायनल. आपल्याच मैदानावर."

"हो ना. बाबा असते तर नाचले असते."

आयव्हीचे वडील याच संघाकडून खेळायचे. पुढचे सगळे दात त्यांनी त्या मैदानावर ठेवले आणि मरेपर्यंत ते बोळकं पदकासारखं मिरवलं. त्यांचा विषय निघाला की वॉल्टर आदरानं मान झुकवी. आत्ताही झुकवली. मग खोकायला लागला, आणि आयव्ही रुमाल घेऊन उठली.

तेवढ्यात क्लबचे सेक्रेटरी नॉर्मन बिनिंग आले. धंदा खाटकाचा, म्हणून हातात सॉसेजची पुडी. "ओल्ड्रॉइडबाई, काय झळकतात हो तुमच्या जर्सी टीव्हीवर! लाल तो लाल, पांढरा तो पांढरा!"

"टीव्हीवर सगळं काळं-पांढरंच दिसतं, बिनिंगसाहेब."

"तरीपण! माणसाला जाणवतं ना!" ते खोकणाऱ्या वॉल्टरच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "कप आणायचा हं या वर्षी! अख्खं गाव तुमच्याकडे बघतंय." गाव बघत होतं, पण रूळ फिरवायला गावातलं कुणी येत नव्हतं.

त्या रात्री अंथरुणात पडल्यावर आयव्हीनं जी प्रार्थना केली ती तिच्या बापानं ऐकली असती तर थडग्यातून उठून आला असता. देवा, एवढा पुढचा सामना आम्हाला हरू दे.

सेमीफायनलला पाऊस पडून गेला होता आणि मैदानाचा लगदा झाला होता. दिव्यांच्या झोतात खेळाडूंच्या अंगातून वाफ निघत होती. सगळी दिवसाची कामं उरकून आलेली माणसं. कुणी खाणीतून, कुणी भट्टीवरून. गोल जमून एकमेकांना रेटताना कुणाचे पाय जोरानं रुतताहेत आणि कुणाचे थकून, हे लांबूनही कळत होतं. बाकीचे लोक चेंडू बघत होते, आयव्ही चिखल बघत होती. एखादा गडी घसरत दहा हात गेला की लोक "शाब्बास!" म्हणत आणि तिचं मनगट ठणकू लागे. वॉल्टर बादली ठेवून तिच्याशेजारी कठड्याला टेकला होता. दोन हप्त्यांत त्याच्या गालांची हाडं वर आली होती.

शेवटची मिनिटं आली तेव्हा क्रॅगली एका गुणानं मागे होती. आयव्हीचे डोळे घड्याळावर लागले. संपतंय. सकाळची गाडी, फ्लॉरीची मागची खोली, उघडी खिडकी. तिनं मनातल्या मनात बॅगही भरायला घेतली. आणि समोरच्या संघाच्या एका अडाण्यानं कारण नसताना आमच्या माणसाची मानगूट धरली. पंचानं शिट्टी फुंकली. पेनल्टी.

लेन पुढे आला. दिवसा नळदुरुस्ती करणारा लेन, पायानं मात्र सुईत दोरा ओवेल असा. चेंडू दोन खांबांमधून गेला की दोन गुण आणि फायनल. त्यानं टाचेनं चिखलात खळगा केला, चेंडू उभा केला, मागे सरला. सगळं मैदान चिडीचूप झालं.

त्या शांततेत आयव्हीला शेजारून कुजबुज ऐकू आली.

"चुकव रे, लेन. चुकव, बाळा."

तिनं वळून पाहिलं. वॉल्टर डोळे मिटून पुटपुटत होता. आणि त्यानं डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं, कारण तिच्याही तोंडून त्याच वेळी निघून गेलं होतं, "बाहेर जाऊ दे, देवा, बाहेर जाऊ दे."

चेंडू दोन्ही खांबांच्या बरोबर मधून गेला.

टोप्या उडाल्या, माणसं माणसांच्या खांद्यावर चढली, कुणीतरी आयव्हीच्या गालाचा मुका घेतला. त्या सगळ्या कल्लोळात क्रॅगलीची दोनच माणसं मेल्यासारखी उभी होती, आणि एकमेकांकडे बघत होती.

मैदान रिकामं झाल्यावर दोघं पायऱ्यांवर बसली.

"कधीपासून?" आयव्हीनं विचारलं.

"दुसऱ्या फेरीपासून. तू?"

"पहिल्या."

"मग बोलायचं नाही का गं?"

"तू का नाही बोललास?"

"तुझ्या वडिलांचा क्लब. सोडणं तुझ्या जिवावर येईल वाटलं. म्हणून रेटत होतो."

"आणि मला वाटलं, हे कामही गेलं तर सकाळी उठायला तुला कारण राहणार नाही."

"उठायला?" वॉल्टर हळूच म्हणाला. "आयव्ही, मला उठायचं नाहीये. मला बसायचंय. कुठं तरी कोरड्या जागी नुसतं बसायचंय."

तिला रडू फुटलं. ती चिडलीही होती. त्याच्यावर, स्वतःवर, एवढे बुधवार एकमेकांच्या भल्यासाठी फुकट उपसले म्हणून. मग तिनं कोटाच्या बाहीनं नाक पुसलं आणि उठली.

कपडे बदलायच्या खोलीत जर्सींचा चिखलाळ ढीग पडला होता आणि बिनिंगसाहेब हसून हसून लाल झाले होते. आयव्हीनं ढीग पिशवीत कोंबला, पिशवीचं तोंड आवळलं आणि ती त्यांच्या पायांशी ठेवली.

"ही तुमची."

"माझी?"

"आम्ही उद्याच्या गाडीनं बहिणीकडे चाललो. ईस्टरनंतर बघू."

"अहो, पण फायनल! बाई, फायनलला पोरांनी काय उघडं खेळायचं?"

"धुवा की. गार पाण्यात मीठ घालून भिजवायच्या. गरम पाणी अजिबात लावायचं नाही. ऐकताय ना?"

"हो हो, ते ठीक आहे, पण वॉल्टर, अरे, तू तरी समजाव हिला!"

वॉल्टरनं बादली पिशवीशेजारी नीट ठेवली. "गार पाणी, नॉर्मन," तो म्हणाला.

फायनलच्या संध्याकाळी फ्लॉरीच्या रिकाम्या दिवाणखान्यात तिघं टीव्हीपुढे बसली. बाहेर समुद्र आपटत होता. वॉल्टरच्या मांडीवर ब्लँकेट होतं, हातात मासे आणि तळलेल्या बटाट्यांची पुडी, आणि आज तो खात होता. आयव्हीच्या हातांच्या भेगा भरत आल्या होत्या. अजून रात्री दचकून तिला वाटे की काहीतरी भिजत घालायचं राहिलंय.

संघ मैदानात उतरले. आयव्ही खुर्चीत पुढे सरकली.

"पट्टे कुठे गेले?"

"कसले पट्टे?" फ्लॉरी म्हणाली.

"जर्सीवरचे! लाल-पांढरे वेगळे दिसायला नकोत? नुसतं करडं दिसतंय सगळं!"

तेवढ्यात समालोचकाचा गंभीर आवाज आला. जे प्रेक्षक घरी बसून पाहताहेत त्यांच्या माहितीसाठी, तो म्हणाला, क्रॅगलीनं आजच्या महत्त्वाच्या सामन्यासाठी नव्या रंगाचा पोशाख निवडला आहे. गुलाबी.

"उकळलं!" आयव्ही ताडकन उठली. "मेल्यानं उकळलं! सांगितलं होतं मी! दोनदा सांगितलं होतं!"

पडद्यावर पोलादभट्टीवरचे, खाणीतले ते आडदांड गडी गुलाबी होऊन रांगेत उभे होते, आणि कडेला बिनिंगसाहेब ताठ मानेनं टाळ्या वाजवत होते.

वॉल्टर हसला. ओठ मिटून नव्हे, तोंड उघडून, डोकं मागे टाकून, पूर्वी गल्लीत ऐकू जायचं तसं. पुडीतले बटाटे सांडले. आयव्ही सवयीनं रुमाल काढून त्याच्यापाशी धावली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून वाट बघत उभी राहिली. तो हसतच होता. ती उभीच होती.

खोकला आला. पण हसून झाल्यावर आला.