कोवळी पापलेटं

आज सकाळी भिसेगावच्या बाजारात टेंपोवाल्याने बर्फाचा खोका उघडला. तो थंड, खारट वास नाकात शिरला आणि मला वीस वर्षांपूर्वीची माझी चूक आठवली.

शेलूच्या शेतकऱ्याची लेक मी, लग्न होऊन मासळीवाल्यांच्या घरात आलेली. त्या दिवशी सासूबाईंना यायला उशीर झाला, म्हणून पाटी मीच भरून घेतली. मुद्दाम लहान लहान पापलेटं निवडली, चांदीसारखी चमकणारी. भेंडी, काकडी कोवळीच खुडायची, एवढंच मला ठाऊक.

सासूबाईंनी एकावर हात ठेवला. अख्खा मासा तळव्याखाली दिसेनासा झाला.

"भेंडी कोवळी खावी गं, मासा नाय. यानं अजून एकदा पण अंडी घातली नाय."

त्यांनी पाटी परत खोक्यात ओतली. टेंपोवाला हसला. "मावशी, मेलेली हायत ती. परत पोहणार हायत का?"

"नाय. पण आमी घेतली, तर तू उद्या पण हीच आणशील."

मला वाटलं, आता घरी जाऊ. त्या मात्र रिकामी पाटी पुढ्यात मांडून बाजार उठेपर्यंत ताठ बसल्या. गिऱ्हाइकं हसत होती, मी मान खाली घालून होते. तेव्हा मला ती शोभा वाटली. त्या भांडत होत्या, हे आता कळतं.

आजच्या खोक्यातही तसलीच पापलेटं होती. मी एकावर हात ठेवला, खोका बंद करायला लावला आणि रिकामी पाटी पुढ्यात ओढून बसले.

"पापलेट कधी येणार, मावशी?" एका गिऱ्हाइकाने विचारलं.

"मोठं होऊ दिलंत, तर येईल."