रोह्याच्या अंगणात सावधान

पेणहून रोह्याला पॅसेंजरने जायला फार वेळ लागत नाही, पण त्या दिवशी ती गाडी पोचूच नये असं मला वाटत होतं. सैन्यात माझी निवड झाली होती, पुढच्या आठवड्यात ट्रेनिंगला हजर व्हायचं होतं, आणि आमच्या गावात, हमरापुरात, छाती काढून फिरणारा मी आतून पार गळाठलो होतो. गावातला एक जण असाच ट्रेनिंग सोडून पळून आला होता. त्याला टपरीवर अजून ‘या जनरलसाहेब’ म्हणतात. दुसरा जनरल मीच होणार, याची मला खात्री होती.

त्यात बाबा सकाळी म्हणाले होते, “नाय जमलं तर ये परत. तुझी जागा हाय.” माझी जागा म्हणजे आमच्या गणपतीच्या कारखान्यातला आखणीचा पाट. आखणी (मूर्तीचे डोळे काढणं) घरात बाबांनंतर मलाच जमते, आणि बाबांचा हात आता कापतो.

कासू गेलं, नागोठणं गेलं. बाहेर नुसती तडकलेली भातखाचरं. समोर करवंदांची पाटी घेऊन बसलेल्या मावशींनी विचारलं, “कुठं रं निघालास?”

“रोह्याला. मिलिटरीत लागलोय.”

“आये रडत असंल,” एवढंच म्हणून त्यांनी आजाऱ्याला द्यावीत तशी मूठभर करवंदं माझ्या हातावर ठेवली. ती आंबट निघाली.

रोह्यात उतरलो तर ऊन रणरणत होतं आणि केमिकल कंपन्यांकडून उग्र वास येत होता. कुंडलिका नदीचा पूल ओलांडून फौजी काकांचं घर गाठलं. हे माझ्या मामाच्या ओळखीचे निवृत्त सुभेदार. मी म्हटलं, “काका, मनाची तयारी करायला आलोय.”

“मन मागनं बघू. आधी अंगणात सावधान उभा ऱ्हा. हलायचं नाय.”

उभा राहिलो. घाम डोळ्यांत उतरला, पण मी हललो नाही. मग अंगण फिरलं आणि डोळे उघडले तेव्हा काकू तोंडावर पाणी मारत होत्या.

“दम धरून उभा होतास काय रे?” काकांनी विचारलं.

धरलाच होता, आणि का तेही मी सांगितलं. डोळा काढताना कुंचला हलू नये म्हणून आम्ही श्वास रोखतो. स्थिर राहायची तेवढी एकच रीत मला ठाऊक.

“गणपतीला चालंल,” काका हसले. “तिथं अशानं रोज पडशील. श्वास घेत उभं ऱ्हायला शीक.”

काकूंनी तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं. शेवटी विचारलंच, “काका, तुम्हाला कधी पळून यावंसं वाटलं?”

“व्हय तर. ट्रंक भरली होती.”

“मग?”

“माझं शेत भावानं कसायला घेतलं होतं. येऊन करणार काय? म्हणून ऱ्हायलो. शौर्य-बिर्य काय नाय त्यात.”

काकू मान खाली घालून ताक ओतत राहिल्या. मला धीर हवा होता आणि मिळालं हे. परतीच्या गाडीत एकच विचार डोक्यात फिरत होता. माझी तर जागा होती, म्हणजे मी पळून येणार हे ठरलेलंच.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. पाटावर माझी धाकटी बहीण बसली होती, हातात कुंचला. शेजारी बाबा सांगत होते, “हात टेकव गो. हां, आता वढ.”

एका मूर्तीचा डोळा वाकडा गेलेला मला दारातूनच दिसला.

“बाबा, ती बिघडवेल.”

“बिघडवू दे. शिकंल.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. “तुला आता हितं जागा नाय.”

फार लागलं ते. आत येऊन चूळ भरली. मन घट्ट करायला मी रोह्यापर्यंत जाऊन रिकामा परत आलो होतो, आणि इकडे बाबांनी घरबसल्या त्यांचं घट्ट करून घेतलं होतं.