पंचवीस मिनिटं

दादासारखा लिफ्टवाला त्या अख्ख्या शहरात नव्हता. दाराला नुसता कान लावला की दोर कुठे घासतोय ते सांगायचा. तळापासून बाविसावा मजला एकेचाळीस सेकंद, बेचाळिसावा सेकंद लागला तर मिशी उतरवीन म्हणायचा. मिशी आजही जागेवर आहे. असा माणूस दुसऱ्याला विचारायला जाईल कशाला?

कामासाठी घर सोडलं तेव्हा तो तीन दिवस बसने आला होता. विमानात पहिल्यांदा चढला तो बाबांसाठी. बाबांचं आतडं फुटलं होतं. तो विमानाच्या दारातल्या रांगेत असताना बहिणीचा फोन आला. डॉक्टर लगेच ऑपरेशनला घेतो म्हणत होते, आणि बाबा हटून बसले होते, थोरल्याचं तोंड बघितल्याशिवाय हलणार नाही.

"दादा, किती वेळ लागेल?"

दादाने तिकीट पाहिलं. निघणार नऊ चाळीसला, पोचणार दहा पाचला.

"पंचवीस मिनिटं. पुढे गाडीने दहा धर. थांबा म्हणावं."

"एवढ्यात कसा येशील रे?"

"विमान आहे बाई ते, सायकल नाही."

मागून बाबांचा आवाज आला. दमलेला, पण ऐटीतला. डॉक्टरांना सांगत होते, मोठा बोलला म्हणजे बोलला. दादाची छाती फुगली. त्याने फोन बंद केला.

विमान वर गेलं. समोरच्या पडद्यावर दोन विमानतळ, मधे रेघ. अंतर एकवीसशे किलोमीटर, उरलेला वेळ तीन तास दहा मिनिटं. पडदा बिघडलाय, दादा शेजारच्या बाईंना हसून म्हणाला. बाईंनी त्याचं तिकीट बघितलं.

"पोचायची वेळ तिथल्या घड्याळाची असते, भाऊ. ते तीन तास मागे आहेत ना."

मागे आहेत हे दादाला ठाऊक होतं. घरी फोन करताना रोज तेवढे तास वजा करायचा. पण तिकीट इथलं, म्हणून दोन्ही वेळा त्याने इथल्याच धरल्या.

त्याने हवाई सुंदरीकडे फोन मागितला, तो मिळाला नाही. मग वेग वाढवता येतो का विचारलं, बटणांचं पॅनेल कुठंय दाखवा म्हणाला. तिने हाताला धरून त्याला जागेवर बसवलं. तीन तास दोन मिनिटं. तीन तास एक. बाविसाव्या मजल्यावर दोराला लोंबकळताना कधी घाम फुटला नव्हता, तो आता शर्टातून गळत होता.

उतरल्यावर फोन चालू केला तर बहिणीचे निरोप एकाखाली एक. कुठे आहेस. बाबा दाराकडे बघतायत. मी सांगितलं, तू खाली लिफ्टमध्ये अडकलायस, तोवर आत चला. बाबा म्हणाले, तो आत असताना लिफ्ट अडकेलच कशी. आणि शेवटचा, शुद्ध गेली तेव्हा आत नेलं. तुझी वाट बघण्यात पावणेदोन तास गेले, दादा.

ऑपरेशनच्या खोलीबाहेर ती बाकावर बसली होती. एका शब्दाने टोचलं नाही. फक्त जरा सरकून त्याला जागा दिली, आणि सवयीने विचारलं,

"अजून किती वेळ लागेल रे?"

दादाने बंद दाराकडे बघितलं.

"मला नाही माहीत गं," तो म्हणाला.