उभं राहून वाजवणं

मी हे लिहावं की नाही, कळत नाही. बँड सोडून कॉलेजला गेलेल्यानं त्याच बँडच्या नावलौकिकाची गोष्ट सांगणं शोभत नाही. गावाकडच्यांनो, आणि माझ्यासारखं गाव सोडून आलेल्यांनो, चुकलं तर माफ करा.

आमच्या ईट गावच्या थांब्यावर मी पुण्याची एसटी धरली, तेव्हा आईसोबत आमची सगळी बेंजो पार्टी सोडायला आली होती. माझा चुलतभाऊ गणूदा बेंजो वाजवायचा, मी गळ्यात ड्रम अडकवून त्याच्या मागं. आम्ही वराती वाजवायचो. वाटेत आपल्यातल्या कुणाचं घर लागलं की दारात थांबून, जागीच पावलं टाकत वाजवायचं, ही आमची रीत. आई म्हणाली, "लई शिक, पण माणसं धरून राहा." गणूदा हसला. "सायब झाल्यावर वळखशील का आमाला?"

पुढचं फोनवर कळत गेलं. गिटार आली, स्वतःची गाणी आली, पार्टीचा पॉप-रॉक बँड झाला. आमच्या कॉलेजच्या स्पर्धेत मीच त्यांचं नाव घातलं. आणि मीच बजावलं, "गणूदा, वरातीसारखं चालायचं नाही हं. स्टेजवर पाय न हलवता एका जागी उभं राहायचं."

"व्हय सायब."

ते उभे राहिले आणि दुसऱ्याच कडव्यात ताल फुटला. आमचा ताल पायांत होता, चालल्याशिवाय हातांना सापडतच नव्हता. निदान मला तरी हे ठाऊक असायला हवं होतं. हॉलभर हशा पिकला. रूममेटनं विचारलं, "तुमच्याकडचे ना रे हे?"

मी म्हणालो, "नाही, ओळखत नाही."

तेवढ्यात गणूदा लांब वायर ओढत स्टेजच्या पायऱ्या उतरला. मागोमाग सगळे. पाय चालू लागले तसा ताल जुळला. पोरं खुर्च्या सोडून त्यांच्या मागं निघाली. माझ्या रांगेपाशी गणूदा थांबला, जागीच पावलं टाकत, माझ्याकडं बघत वाजवत राहिला. मी मान खाली घातली. तो पुढं गेला.

त्या चालण्याचा व्हिडिओ कुठल्या कुठं गेला. कळंब, तुळजापूर, सोलापूर, मग पुण्यातले मोठे कार्यक्रम. आता लोक खास त्यांच्या मागं चालायला येतात. हॉस्टेलात प्रत्येक फोनवर त्यांचं गाणं वाजतं. कित्येक महिने गणूदाचा फोन नाही. मलाही लावायचा धीर झाला नाही. घर म्हणजे माझ्यापुरतं एक दारच उरलं होतं. गावात कधी वाजवत निघाले तर त्या दारापुढं ते थांबतील की तसेच पुढं जातील, एवढाच घोर.

काल आईचा फोन आला. बँडची गावात मिरवणूक निघाली होती.

"आपल्या दारात थांबली की पोरं."

"किती वेळ?"

"आख्खं गाणं. कुणाचा पाय सुदिक हालला न्हाय. गणू म्हणला, काकू, सायबाला सांगा, उभं राहून बी जमतंय आता."