ऑपरेशन टेबलावरचा संकल्प

"सोनोग्राफी? ह्यांची?" काकूंनी डोळे मोठे केले. "साठीच्या पुरुषाला सोनोग्राफी कशाला ओ डॉक्टर?"

धाराशिवात मेंदूची ऑपरेशनं करणाऱ्या माणसाला हा प्रश्न चुकत नाही. आमच्याकडं सोनोग्राफी म्हणजे पाळणा. कायद्यानं मशिन असेल तिथं 'गर्भलिंग निदान केले जात नाही' अशी पाटी लावावी लागते, त्यामुळं ती माझ्या ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्येही आहे. पेशंटची माणसं ती वाचतात आणि माझ्याकडं संशयानं बघतात.

पेशंट म्हणजे काकूंचे यजमान, तुळजापूरचे दत्तात्रय गुरुजी. मेंदूत डाव्या बाजूला गाठ, बोलण्याच्या जागेला अगदी खेटून. पूजा सांगण्यावर त्यांचं घर चालायचं. "एक वेळ पाय गेला तर चालंल डॉक्टर, वाचा जाऊ देऊ नका," असं त्यांनी मला बजावलं होतं.

मी काकूंना समजावलं. कवटी उघडली की मेंदू थोडा सरकतो, मग आधी काढलेला एमआरआय जुना होतो. म्हणून गाठ काढता काढता त्या पोकळीत सलाईन भरायचं आणि सोनोग्राफीचा प्रोब टेकवायचा. उरलेली गाठ पडद्यावर पांढरी दिसते. पण बोलणं शाबूत आहे का, हे मशिन सांगत नाही, ते पेशंटनंच सांगायचं. त्यासाठी त्याला जागं ठेवतो. डोक्याची कातडी बधिर करतो. मेंदूला स्वतःला काही दुखत नाही. पेशंटनं बोलत राहायचं. तो अडखळला की आपण थांबायचं.

"नुसतं बोलायचं व्हय? मग काळजी न्हाय," काकू म्हणाल्या. "ह्यांना गप करायलाच माणूस लागतंय."

ओटीत गुरुजींनी आधी तुळजापुरातल्या लॉजवाल्यांचा उद्धार केला. तो विषय संपल्यावर भूल देणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "गुरुजी, आता पूजा सांगा."

गुरुजी खुलले. आचमन झालं, संकल्प सुरू झाला. आवाज खणखणीत. मी प्रोब टेकवला. कडेला एक पांढरा पट्टा शिल्लक होता. तो काढायला हात घातला आणि गुरुजी गप्प झाले.

मी हात उचलला. "गुरुजी?"

मी पुन्हा हाक मारली. गेली वाचा! तेवढ्यात त्यांचा उजवा हात हलायला लागला.

"फिट येतेय!" मॅडम ओरडल्या. "थंड सलाईन!"

फिट आली की मेंदूवर बर्फासारखं सलाईन ओततात. सिस्टर धावल्या. मी ओतणार, तोच खालून आवाज आला.

"अहो यजमान, गोत्र सांगा की! कवाचा खुणावतोय मी! संकल्पाच्या मधी दुसरं बोलू नये म्हणून गप होतो."

"कुणाचं गोत्र?"

"तुमचंच! इथं सगळं करताय तुमी, मग यजमान कोण?"

मी सलाईन परत सिस्टरांच्या हातात दिलं. "गुरुजी, आम्ही बौद्ध. आमच्यात गोत्र नसतं."

गुरुजी अडखळले नाहीत.

"बरं. गाव?"

"ढोकी."

"मग आधी सांगायचं न्हाय का!" म्हणत त्यांनी ढोकीचं नाव घालून संकल्प पुरा केला आणि गणपतीकडं वळले. आरतीपर्यंत तो पांढरा पट्टा निघाला होता. पुन्हा सलाईन भरलं, प्रोब टेकवला. पडदा स्वच्छ.

दुसऱ्या दिवशी राउंडला गेलो तर गुरुजी शेजारच्या पेशंटला ग्रहांची एक शांत करून घ्यायची गळ घालत होते. एकही शब्द अडत नव्हता. इतका आनंद मला माझ्या डिग्रीचाही झाला नव्हता. शेजारचा पेशंट मात्र दुसरी खोली मागत होता.

तेव्हापासून जागेपणीच्या ऑपरेशनआधी मी सगळ्यांना एक जादा प्रश्न विचारतो. तुमच्या कामात तुम्ही मधेच गप्प कधी होता? परवा एका हेडमास्तरांना विचारलं. ते म्हणाले, "मोठे साहेब तपासणीला आले की."

त्यांच्या ऑपरेशनच्या वेळी मी सगळ्यांना ताकीद दिली, ओटीत मला कुणी साहेब म्हणायचं नाही.