गहाण पडलेली मॅट्रिक

लिहिण्याचा अधिकार मला आहे की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नाही. मीही पहिल्याच वर्षाला आहे. वाक्यं ओबडधोबड होतील. मोठ्या माणसाविषयी लिहितोय, म्हणून काहींना हा उर्मटपणा वाटेल. त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. पण झालं ते जसं झालं तसंच लिहितो.

भोपाळच्या कॉलेजात प्रवेशाची रांग होती. माझा नंबर आला. खिडकीतल्या क्लार्कनं मॅट्रिकचं सर्टिफिकेट मागितलं. ते माझ्याकडे नव्हतं. शेजारी उभ्या असलेल्या बडेबाबूंच्या हातात होतं. त्यांनी ते दोन बोटांत, वरच्या कोपऱ्याला धरून खिडकीसमोर केलं. मी हात पुढे केला, तसा त्यांनी कागद वर उचलला.

"नुसतं दाखवायचं ठरलंय, बाळ," ते म्हणाले. मग क्लार्ककडे बघून हसले. "लड़का होशियार है. बस, इसकी मैट्रिक हमारे पास गिरवी है."

रांग हसली. मागून कुणीतरी म्हणालं, "आज मैट्रिक, कल बी.ए. भी रख देना, भैया." क्लार्कनं नाव उतरवून घेतलं आणि बजावलं, "इम्तिहान के फॉर्म के साथ असली जमा करना पड़ेगा. नहीं तो नाम कट जाएगा."

मीही हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

बडेबाबू म्हणजे बाबांच्या ऑफिसातले हेडक्लार्क. बाबा तिथे चपराशी. राज्यांची नवी वाटणी झाली, राजधानी भोपाळला आली आणि नागपूरचं ऑफिस फायलींसकट, टेबलांसकट, माणसांसकट इकडे हललं. इथे नव्यानं चूल मांडायला पैसे हवे होते. अनोळखी गावात आमच्यासारख्यांना उधार कोण देणार? बडेबाबूंनी दिले. दीडशे रुपये. इतरांकडून त्यांनी पितळेची भांडी ठेवून घेतली होती, कुणाच्या बायकोचे चांदीचे गोट. आमच्याकडे तसलं काही नव्हतं. त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि भिंतीवर काचेत लावलेलं माझं सर्टिफिकेट उतरवायला सांगितलं.

"भांडं गेलं तर दुसरं येतं," ते बाबांना म्हणाले. "हे एकच असतं. आता तू बुडवणार नाहीस."

आम्हाला ते खरंच वाटलं. कागद गेला की मॅट्रिक गेली. जणू मी कधी पास झालोच नव्हतो. पुढे आमच्या ओळीतल्या आणखी चार पोरांची सर्टिफिकेटंही अशीच त्यांच्या कपाटात गेली.

दर पगाराला बाबा पैसे देत. पावती नसे. किती फिटले, असं मी विचारलं की ते दाराकडे बघत. "असं इचारत नसतात. वेळेले धावून आले ते."

थंडीत बडेबाबूंनी मला त्यांच्या क्वार्टरवर बोलावलं. व्हरांड्यात किसनकाका खाली बसले होते. आमच्याच ओळीत राहणारे, बाबांसारखेच चपराशी. काकू हॉस्पिटलात होती, ऑपरेशनला पैसे हवे होते. काकांच्या अंगठ्याला शाई लावून झाली होती. समोर स्टॅम्पपेपर. कोरा. त्याच्या शेजारी माझं सर्टिफिकेट.

"इथे साक्षीदार म्हणून सही कर आणि तुझा कागद घेऊन जा," बडेबाबू म्हणाले. "तुमच्यातला शिकलेला पोरगा साक्षीला असला की ही माणसं बिचकत नाहीत. पुढेही बोलावीन तेव्हा येत जा."

"कर न बाबू," किसनकाका म्हणाले. "तुही सही असली म्हणजे मले धीर येते."

"यावर काहीच लिहिलेलं नाही," मी म्हणालो.

"नंतर लिहू."

"किती लिहाल?"

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला. आवाज अगदी मऊ होता. "तिकडे दूर जगदलपूरला बदलीवर पाठवायच्या माणसांची यादी अजून पक्की झालेली नाही. माझ्याच टेबलावर आहे. तुझ्या बापाला इथली हवा मानवली ना?"

खोटं लिहिणार नाही. मी टाक बुडवला. नावाचं पहिलं अक्षर उमटलंसुद्धा. मग काकांच्या त्या काळ्या अंगठ्याकडे लक्ष गेलं. आज काका. उद्या आमच्या ओळीतलं आणखी कुणी. आणि प्रत्येक कोऱ्या कागदाखाली माझं नाव. ज्या अक्षरांसाठी आई उपाशी राहिली, ती अक्षरं.

मी ते अक्षर खोडलं. "आधी रक्कम लिहा. काकांना वाचून दाखवतो. मग सही करीन."

बडेबाबूंनी सर्टिफिकेट उचललं, आत जाऊन कपाटात टाकलं. कुलूप फिरल्याचा आवाज आला. ते पुन्हा बाहेर आले नाहीत.

रस्त्यावर किसनकाकांनी माझी कॉलर धरली. "तुही काकू तिकडे मरून राह्यली, अन् तू मले कायदा शिकवतं?" दुसऱ्या दिवशी त्यांनी दुसऱ्या साक्षीदारासमोर अंगठा दिला. रक्कम त्यांना अजून माहीत नाही.

त्यानंतर काहीच झालं नाही. तेच भयंकर होतं. बडेबाबू वाटेत भेटले की थांबतात, अभ्यास कसा चाललाय विचारतात. बाबा घरी आले की आई आधी त्यांच्या हातात बदलीची ऑर्डर आहे का बघते. बाबा माझ्याशी बोलत नाहीत. फॉर्मची मुदत जवळ येत चालली. शेवटी न राहवून मी नागपूरच्या परीक्षा मंडळाला पत्र टाकलं: माझं सर्टिफिकेट गहाण आहे, तरी मला पास धरतील का? पेटीत टाकतानाही मान खाली होती.

काल उत्तर आलं. मी ते बाबांना दोनदा वाचून दाखवलं. कितीतरी दिवसांनी ते बोलले. "यादीत आपलं नाव येईन."

येईल. मला ठाऊक आहे. पण त्या कपाटात आमच्या ओळीतल्या आणखी चार पोरांचे कागद आहेत, आणि त्यांचे बाप अजून पैसे भरताहेत. आज मी दारोदार जाणार आहे. पहिलं दार किसनकाकांचं. त्यांनी ते तोंडावर लावलं तर बाहेरून मोठ्यानं वाचीन. पत्र दोनच ओळींचं आहे:

"आपला निकाल मंडळाच्या दप्तरी कायम आहे. साधा अर्ज व पाच रुपये शुल्क पाठविल्यास प्रमाणपत्राची दुसरी प्रत मिळेल."