ओंबीवाले सेंट

बाजारातल्या नाण्याला वास असतो. मासळीवालीच्या नाण्याला मासळीचा, बसच्या कंडक्टरच्या नाण्याला घामाचा, आणि तार्हेलियाच्या नाण्याला डुकराच्या चरबीचा. बावीस वर्षं मी तिच्या शेजारच्या गाळ्यावर बटाट्याच्या टिक्क्या तळते, आणि अजून तिच्याकडून सुटे घेतले की हात एप्रनला पुसते. किळस येते मला. सगळ्याचीच येते म्हणा, पण आत्ता सांगतेय ते तिचं.

रिओबाम्बाच्या आमच्या बाजारात भाजलेलं डुक्कर विकणाऱ्या बारा बायका आहेत. तार्हेलिया गुआमान त्यातली सगळ्यात तोंडाळ. "ये रे माझ्या राजा, चाखून तर बघ," अशी गिऱ्हाइकाला हाक मारते, आणि राजा चाखून तसाच पुढे गेला की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करते. मूलबाळ नाही. नवरा समुद्राकडे कामाला गेला तो गेलाच. आम्ही बाकीच्या एकमेकींच्या पोरांच्या बाप्तिस्म्यात धर्ममाता होऊन नाती जोडत बसलो, हिला कुणी विचारलंसुद्धा नाही.

हिची इस्टेट म्हणजे चरबीचा एक जुना डबा. आपल्या देशाचं चलन, सुक्रे, गेलं, अमेरिकेचे डॉलर आले, तेव्हा त्यांच्यामागून तिकडचा झिजलेला कचराही आला. त्यातच हे तांब्याचे जुने सेंट, डॉलरला शंभर मिळणारे, मागच्या बाजूला गव्हाच्या दोन ओंब्या असलेले. कुणीतरी हिच्या डोक्यात भरवलं, की ओंबीवाला सेंट साधासुधा नाही, त्याची किंमत वर्षागणिक वाढते. झालं. तेव्हापासून बाई हातात आलेला प्रत्येक सेंट उलटा करून बघणार. ओंबी दिसली की डब्यात.

यंदा माझ्या लेकीला, नार्सिसाला, मुलगी झाली. नार्सिसा लहानपणी अर्धा वेळ तार्हेलियाच्याच गाळ्याखाली झोपायची. तिनं मला न विचारता तार्हेलियाला बाळाची धर्ममाता केलं. दोन दिवस तार्हेलियानं कुणाला शिवी दिली नाही. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आली.

"ओब्दुलिया, बाप्तिस्मा झाल्यावर चर्चच्या पायरीवरून सगळ्या धर्ममाता पोरांवर पाच-दहा सेंटची नाणी उधळतात. मी सोनेरी डॉलर उधळणार. बाजारानं तोंडात बोट घातलं पाहिजे."

"आणणार कुठून?"

"डबा विकते."

जुनी नाणी घेणारा इंजिनियर लाउतारो महिन्यातून एकदा राजधानीतून, कीतोहून येतो. कसला इंजिनियर, देव जाणे. आमच्याकडे गळ्यात टाय दिसला की माणूस इंजिनियर. तो यायच्या आदल्या दिवशी तार्हेलियानं चारशे-सव्वाचारशे नाणी लिंबू-मिठानं घासून काढली. उधळायची नाणी आम्ही अशीच लखलखीत करतो, आणि शिवाय चरबीनं बरबटलेली वस्तू साहेबाच्या हातात कशी द्यायची? बोटांची सालं निघाली तिच्या.

साहेबानं आधी ताटभर डुक्कर खाल्लं. कुरकुरीत कातडी जास्त मागून घेतली. मग दातात काडी घालत एक नाणं उचललं, दुसरं उचललं.

"बाई, घासलीत होय ही?"

"चकचकीत केली, साहेब."

"माती केलीत. घासलेलं जुनं नाणं कुणी घेत नाही. मळकी असती तरी फार नव्हे, तीन सेंट, पाच सेंट दिले असते एकाचे. ही सापडतात पोत्यानं. आता एका सेंटचा एक सेंट." आणि बोटं तिच्याच टेबलाच्या कापडाला पुसून निघून गेला. खरं बोलला, मान्य. तरी माणूस ओंगळच.

समोरच्या रांगेतल्या बाया फिदीफिदी हसल्या. तार्हेलियानं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही, माझ्याकडे बघितलं.

"तू तर म्हणाली होतीस."

हो. ते कुणीतरी म्हणजे मीच. डॉलर नवे होते तेव्हा माझ्या गल्ल्यात असले झिजलेले सेंट पडून असायचे, गिऱ्हाईक घेईना. मी थट्टेत तिला म्हटलं, ओंबीवाला आहे, पाच सेंट दे आणि घेऊन जा. तिनं दिले. थट्टा तिथंच संपायला हवी होती. मी दुसऱ्या आठवड्यात आणखी एक दिला. मग बावीस वर्षं देत राहिले, एकाला पाच घेऊन.

आता तरी खरं सांगायचं होतं. मी म्हटलं, "चोर आहे तो. स्वस्तात लाटायला बघतोय."

तिनं मान हलवली. "मला वाटलंच. मग विकतच नाही. पोरांवर हीच उधळते. ठेवतील, मोठी झाल्यावर नाव काढतील माझं."

रविवारी नवा घागरा, नवी टोपी घालून ती पायरीवर उभी राहिली आणि मुठी भरभरून उधळली. पोरं तुटून पडली. एकानं नाणं उचलून बघितलं. "एकेक सेंट आहेत नुसते." हातातली टाकली सगळ्यांनी. माझा दीर मोठ्यानं म्हणाला, "डुक्कर विकून विकून बाईचा हात आखडलाय." लोक हसले. नार्सिसाचं तोंड एवढंसं झालं.

माझ्या खिशात सुटे अकरा डॉलर होते. तोंडात जीभही होती. मी बाळाच्या टोपड्याची नाडी बांधत बसले. माझी मलाच किळस आली, आणि तरी मी नाडीच बांधत होते.

तार्हेलिया नव्या घागऱ्यानिशी खाली बसून नाणी वेचायला लागली. मीही वाकले. "गाढवं आहेत," ती हळूच म्हणाली, "यांना काय कळतंय. बरं झालं बाई, डबा तरी राहिला."

पुढच्या शनिवारी तिनं माझ्या गाळ्यावर चरबीनं माखलेला हात पुढे केला. तळव्यावर पाच सेंटचं नाणं होतं.

"शेजारणी, आलाय का गं आज ओंबीवाला?"

आला होता. मी तिचे पाच सेंट घेतले आणि तो दिला.